सड्यावरच्या हत्तीचं वय कसं काढायचं?

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, एक हत्ती कोरलेला आहे. एका बाजूने सुमारे १८ मीटर, दुसऱ्या बाजूने १३ मीटर. जवळ उभं राहिलं तर तो हत्ती आहे हे कळतच नाही. पायाशी जांभ्यात खोदलेला एक वळणदार चर दिसतो आणि त्याच्या आतबाहेर मासे, पक्षी, चार पायांचे प्राणी अशा कितीतरी लहान आकृत्या दाटीवाटीने दिसतात. थोडं उंचावरून पाहिलं की मग सोंड, पाठ, पाय एकमेकांना जोडले जातात. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली, तेव्हा या हत्तीची नोंद भारतातली या प्रकारची सर्वांत मोठी आकृती म्हणून झाली.

हा हत्ती किती जुना, हा प्रश्न सगळेच विचारतात. बातम्यांमध्ये बहुतेक वेळा ‘बारा हजार वर्षं’ असं उत्तर असतं. मला त्या आकड्यापेक्षा त्याच्या मागची वाट जास्त महत्त्वाची वाटते. दगडावर तारीख नाही, नाव नाही, लिपी नाही. मग कुणी काय पाहिलं, कशाशी ताडून पाहिलं आणि त्यातून हजारो वर्षांचा अंदाज कसा बांधला? ही वाट एकदा नीट समजली की अशा कुठल्याही बातमीत ठोस भाग किती आणि अंदाज किती, हे वाचणाऱ्याला स्वतःलाच ओळखता येतं.

सुरुवात दगडापासून करावी लागते, कारण इथले बरेचसे पेच दगडानेच घातलेले आहेत.

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे हे थर. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांच्यात हा पाषाण लाखो वर्षं कुजत गेला. त्यातली सिलिका आणि इतर विरघळणारे घटक पाण्याबरोबर निघून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगं मागे राहिली. तो झाला जांभा. लालसर, सच्छिद्र, भोकाभोकांचा. चिरेखाणीत काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याचा एक गुण माहीत असतो: जमिनीखालचा ताजा जांभा मऊ असतो, सहज कापला जातो आणि उघड्यावर उन्हापावसात राहिला की कडक होतो. सड्याचं वरचं कवच असं आधीच कडक झालेलं असतं. म्हणजे ज्यांनी हत्ती कोरला त्यांनी कडक कवचात कोरला, आणि कोरल्यावर ती रेषा टिकली तीही त्या कवचामुळेच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात बोट-दोन बोटं खोल रेषा इतका काळ टिकेल कशी, असं कुणी विचारलं तर ते बरोबरच आहे. उत्तराचा एक भाग या लोहयुक्त कवचात आहे, दुसरा भाग सड्यावरच्या मातीत. अनेक आकृत्या शतकानुशतकं मातीच्या पातळ थराखाली आणि गवताखाली झाकलेल्या होत्या.

कोरण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. एकीत आकृतीची फक्त बाह्यरेषा खोदलेली असते. दुसरीत आकृतीच्या भोवतालचा किंवा आतला दगड काढून टाकून काही भाग उठावाचा ठेवलेला असतो. दुसऱ्या तऱ्हेला मेहनत कितीतरी जास्त लागते. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे आधीच डोक्यात पक्कं असल्याशिवाय ते जमत नाही. कशेळीएवढी आकृती जमिनीवर बसून कोरताना कोरणाऱ्याला ती कधीच पूर्ण दिसत नसणार, तरी तिची प्रमाणं सांभाळली गेली आहेत. आधी आखणी केली असेल, दोरी किंवा पावलं वापरली असतील. पण त्याची खूण दगडावर राहिलेली नाही.

शोध आणि नोंद

सापडण्याचा इतिहास सांगताना गुराख्यांपासून सुरुवात केली पाहिजे. पावसाळ्यात सड्यावर गुरं नेणाऱ्यांना ही चित्रं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. कुठे ती पांडवांनी एका रात्रीत काढली म्हणत, कुठे नुसतंच जुनी म्हणत. सिंधुदुर्गातल्या कुडोपीच्या जागेला गावात बाहुल्यांवरून नावच पडलेलं आहे. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ इथली शंभरावर चित्रं १९९३ साली पुरातत्त्व खात्यापर्यंत पोहोचली. तोवर स्थानिक लोक त्यांना गुराख्यांनी वेळ घालवायला केलेलं काम समजत होते. सिंधुदुर्गात हिवाळे आणि कुडोपीची चित्रं सतीश लळीत यांनी अभ्यासकांपुढे आणली. रत्नागिरी जिल्ह्यात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी निसर्गयात्री संस्थेच्या माध्यमातून वर्षानुवर्षं सडे पालथे घातले, गावोगाव विचारत फिरले. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने डॉ. तेजस गर्गे यांच्या काळात या कामाला सरकारी बळ दिलं. आज नोंदल्या गेलेल्या आकृत्यांची संख्या दीड हजारांच्या पुढे आहे. पुस्तकी पुरातत्त्वाला हौशी माणसांनी आणि गावकऱ्यांनी इतकं भरभरून दिल्याची उदाहरणं महाराष्ट्रात फार नाहीत, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

एखादी आकृती सापडली की अभ्यासकाला पहिला मोह आवरावा लागतो तो खडूचा. चरात खडू किंवा चुना भरला की चित्र फोटोत झकास उठून दिसतं. म्हणून वर्षानुवर्षं लोक तेच करत आले. पण कुठली रेषा माणसाची आणि कुठली नैसर्गिक भेग, हा निर्णय खडू भरणारा स्वतःच घेऊन टाकतो. पुढे पाहणाऱ्याला त्याचंच मत दिसतं, दगड दिसत नाही. शिवाय चरातली माती आणि बारीक कण हाच कधीकधी पुरावा असतो, तो खडूत मिसळून जातो.

त्यामुळे मऊ ब्रशने साफसफाई झाली की वाट पाहतात ती तिरप्या उन्हाची. भर दुपारी उथळ चर नाहीसा होतो. सकाळी लवकर किंवा मावळतीला तोच चर सावलीने भरतो आणि चित्र उठून येतं. आता हेच काम संगणकावर करता येतं. आकृतीचे शेकडो फोटो काढतात, प्रत्येक फोटोचा मोठा भाग शेजारच्या फोटोत आलेला असतो. एकच ठिपका वेगवेगळ्या कोनांतून कुठे दिसतो याच्या हिशोबावरून संगणक त्या ठिपक्याची जागा आणि उंची काढतो. असे लाखो ठिपके मिळून पृष्ठभागाचं त्रिमितीय प्रतिरूप तयार होतं. त्यावरून रंग काढून टाकता येतो, हव्या त्या दिशेने कृत्रिम उजेड पाडता येतो आणि चराची खोली मिलिमीटरमध्ये मोजता येते. मोठ्या आकृत्यांसाठी ड्रोन लागतो. कशेळीचा हत्ती आज आपल्याला पूर्ण दिसतो तो ड्रोनमुळे.

या नोंदीत एक गोष्ट फार बारकाईने पाहतात. एका आकृतीची रेषा दुसरीला छेदते का? छेदत असेल तर कुठली आधीची आणि कुठली नंतरची? भिंतीवर एकावर एक चिकटवलेली पोस्टरं पाहून कुठलं जुनं ते सांगता येतं, तसाच हा हिशोब. त्यातून वर्षं मिळत नाहीत, क्रम मिळतो. पण कोकणात आकृत्या बहुतेक शेजारीशेजारी आहेत. एकमेकींवर चढलेल्या कमी. त्यामुळे हे साधनही इथे थोडंच चालतं.

वर्षं मोजणं इतकं अवघड का?

कार्बन पद्धत सगळ्यांना ऐकून माहीत असते. कधीकाळी सजीव असलेल्या वस्तूतल्या किरणोत्सारी कार्बनचा ऱ्हास मोजून ती वस्तू किती वर्षांपूर्वी मेली हे काढतात. साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच ती चालते. गुहेतल्या रंगचित्रात कोळसा असेल तर थोडीफार आशा असते, कारण रंगवताना दगडावर काहीतरी नवीन चढतं. खोदताना उलट दगड निघून जातो, आणि जे निघून गेलं त्याचं वय मोजायला ते हातात नसतं. उरलेल्या दगडाचं वय काढलं तर ते जांभ्याचं वय, कोरणाऱ्याचं नव्हे.

अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे खडकाच्या वरच्या थरात काही दुर्मिळ अणू तयार होत राहतात. ते मोजून खडक किती काळ उघडा आहे हे सांगता येतं. पण हे किरण खडकात बरेच आत शिरतात. दरड कोसळून अनेक फूट खडक निघून गेला, तर नव्या पृष्ठभागाचं घड्याळ जवळजवळ शून्यापासून सुरू होतं. दोन-तीन सेंटिमीटर खोदल्याने ते शून्यावर येत नाही. चराच्या तळाशीही जुनेच अणू भरलेले असतात.

वाळूचे कण शेवटचे कधी उजेडात होते हे सांगणारी पद्धतही आहे. तिला क्वार्ट्झचे किंवा फेल्डस्पारचे कण लागतात. बेसॉल्टपासून झालेल्या जांभ्यात क्वार्ट्झ अगदी कमी आणि फेल्डस्पार कुजून गेलेलं. चरात साठलेल्या मातीवर ती वापरावी म्हटलं, तर उघड्या सड्यावरची माती दर पावसाळ्यात हलते.

मग जगात कुठेच जमलं नाही का? जमलं आहे. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या विनेमुका या आटलेल्या सरोवराकाठी कातळांवर खोल कोरीव रेषा आहेत. सरोवराची पातळी चढली की कातळांवर चुन्याचं कवच बसे, आणि ते कवच कार्बन पद्धतीने मोजता येतं. पाणी कधी चढलं, कधी उतरलं हे काढून अभ्यासकांनी २०१३ साली सांगितलं की ते कातळ कोरण्याजोगे उघडे होते ते सुमारे १४,८०० ते १०,५०० वर्षांपूर्वीच्या दरम्यानच्या काही काळात. तिथे सरोवरानेच मदत केली. कोकणच्या सड्यावर असं चुन्याचं कवच बसत नाही.

मला सर्वांत शिकण्याजोगं वाटतं ते पोर्तुगालमधल्या कोआ नदीच्या खोऱ्याचं उदाहरण. तिथे मोठं धरण बांधण्याचं काम सुरू असताना १९९४ च्या अखेरीस नदीकाठच्या खडकांवरची घोड्यांची, रानबैलांची, रानबोकडांची कोरीव चित्रं जगापुढे आली. चित्रांची शैली पाहून पुरातत्त्वज्ञ म्हणाले, ही हिमयुगातली, वीस हजार वर्षांहून जुनी. खडकाच्या पृष्ठभागावर थेट वयमापन करणारे काही तज्ज्ञ म्हणाले, छे, ही फार तर काही हजार वर्षांची, काही तर अगदी अलीकडची. वाद जोरात झाला. वय कमी ठरलं असतं तर चित्रं पाण्याखाली घालणं सोपं झालं असतं. सरकारने धरण थांबवलं, १९९८ मध्ये खोरं जागतिक वारसा यादीत गेलं. आणि मग १९९९ मध्ये फारिसेऊ नावाच्या जागी उत्खननात एक कोरलेला खडक निघाला, जो पुराश्मयुगीन हत्यारं असलेल्या मातीच्या थरांखाली गाडलेला होता. चित्रावर थर बसले असतील तर चित्र थरांपेक्षा जुनंच असणार. पृष्ठभाग कितीही तपासून जे मिटलं नव्हतं ते शेजारच्या मातीने मिटवलं.

आपल्याकडे मध्य प्रदेशात भानपुऱ्याजवळच्या दरकी-चट्टान गुहेत हाच तर्क थोडा वेगळ्या रीतीने लागू झाला. गुहेच्या भिंतींवर पाचशेहून जास्त वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. डॉ. गिरिराज कुमार यांच्या उत्खननात भिंतीवरून निखळून पडलेले खळग्यांसकटचे तुकडे खालच्या, अश्मयुगाच्या फार जुन्या हत्यारांच्या थरांत मिळाले. तुकडा ज्या थरात पुरला गेला त्याच्या आधी खळगा कोरला गेला, हे उघड आहे.

मग बारा हजार कुठून आले?

कोकणात आजवर गोळा झालेला पुरावा आडवळणाचा आहे. त्याचे धागे एकेक करून पाहू.

पहिला धागा चित्रांच्या विषयाचा. हत्ती, वाघ, रानडुक्कर, हरणं, माकड, मोर, कासव, शार्क, पाकट मासा असे प्राणी तपशिलाने कोरलेले दिसतात. नांगर, पिकं, गाडी, धातूची शस्त्रं, घोडेस्वार दिसत नाहीत. तेजस गर्गे यांनी मांडलेलं अनुमान असं, की कोरणारा माणूस प्राणी आणि जलचर नीट ओळखत होता, शेती करत नव्हता. म्हणजे तो शिकारीवर आणि समुद्रावर जगत असावा. भीमबेटकाच्या रंगचित्रांशी तुलना केली तर हा मुद्दा उजळतो. विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेल्या त्या शैलाश्रयांत वेगवेगळ्या काळांचे थर आहेत आणि उशिराच्या चित्रांत घोड्यांवरचे शस्त्रधारी स्वार स्पष्ट दिसतात. तसं कोकणात नाही. तरी या युक्तिवादाची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. लोक आपल्या आयुष्यातलं सगळंच कोरून ठेवत नाहीत. शेती करणाऱ्यानेही फक्त हत्तीच कोरला असेल, हे अशक्य नाही.

दुसरा धागा गेंड्याचा. एकशिंगी गेंडा आज कोकणात नाही, त्याची कातळावरची आकृती मात्र आहे. यावरून चटकन ‘म्हणून चित्र अतिप्राचीन’ असं म्हटलं जातं. इथे थोडं थांबायला हवं. गुजरातमधल्या लांघणज या मध्याश्मयुगीन वस्तीत डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया यांना गेंड्याचं हाड मिळालं होतं, त्यावर ठोकाठोकीच्या खुणा होत्या. हडप्पा संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा आहे. आणि बाबराने सोळाव्या शतकात पेशावरच्या परिसरात गेंड्यांची शिकार केल्याचं स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणजे पश्चिम आणि वायव्य भारतात गेंडा हजारो वर्षं होता. त्याची आकृती चित्राच्या वयाची खालची मर्यादा थोडी मागे ढकलते, पण थेट बारा हजारांवर नेत नाही. पाणघोडा मात्र भारतातून हिमयुगाच्या अखेरीच्या सुमारास नाहीसा झाला. एखादी आकृती पाणघोड्याची आहे असं म्हटलं जातं तेव्हा म्हणूनच अभ्यासकांचे कान टवकारतात. ती खरोखर पाणघोड्याची ठरली तर फार मोठी गोष्ट. पण बाह्यरेषेवरून पाणघोडा आणि जाड डुक्कर यांत फरक करणं सोपं नाही, आणि मला हा पुरावा अजून कच्चा वाटतो.

तिसरा धागा हत्यारांचा. सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत झालेल्या उत्खननात अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळाली आहेत. कोकणात अश्मयुगात माणूस राहत होता, हे यातून पक्कं होतं. हत्यारं करणारे आणि सड्यावर हत्ती कोरणारे एकच होते हे मात्र यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी कोरीव आकृतीच्या अगदी शेजारी, हलवाहलव न झालेल्या मातीत हत्यारं मिळायला हवीत; कोरताना झिजलेली दगडी टोकं मिळाली तर फारच उत्तम.

हे सगळे धागे एकत्र धरून युनेस्कोकडे पाठवलेल्या टिपणात मध्याश्मयुगापासून ऐतिहासिक काळाच्या आरंभापर्यंतचा लांबलचक कालखंड दिलेला आहे. बारा हजार वर्षं ही त्या कालखंडाची सगळ्यात लांबची कड. सरसकट सगळ्या आकृत्यांना ती लावणं चूक आहे. कशेळीचा प्राण्यांनी भरलेला हत्ती आणि देवीहसोळचा भौमितिक नक्षीने भरलेला चौकोन एकाच पिढीने, एकाच हेतूने कोरले असं मानायला काहीच आधार नाही. सडा हजारो वर्षं तिथेच होता. वेगवेगळ्या काळातल्या माणसांनी तो वापरला असणार.

आणि ती लांबची कड खरी असेल तर एक विलक्षण गोष्ट तिच्या मागोमाग येते. बारा हजार वर्षांपूर्वी जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे ६० मीटर खाली होती. कोकणचा किनारा तेव्हा पश्चिमेला बराच पुढे होता. शार्क आणि पाकट कोरणारा माणूस समुद्राशी परिचित होता, तर त्याच्या किनारी वस्त्या आज पाण्याखाली असण्याचा संभव मोठा आहे. सड्यावर वस्तीच्या खुणा इतक्या कमी का सापडतात, याचं एक कारण तिथे दडलेलं असू शकतं.

अर्थ लावताना

बारसूच्या सड्यावर दोन बाजूंना दोन वाघ आणि मध्ये माणूस अशी आकृती आहे. मोहेंजोदडोच्या मुद्रेवर दोन वाघांना आवरणारा माणूस आहे, म्हणून दोन्हींची सांगड घालण्याचा मोह होतो. अशी रचना मेसोपोटेमियात आहे, प्राचीन इजिप्तमधल्या कोरीव मुठीच्या सुरीवरही आहे. दोन हिंस्र प्राण्यांमध्ये उभा माणूस ही कल्पना माणसांना वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते. साम्य आहे म्हणून संबंध होता असं म्हणायचं, तर वाटेतले दुवे दाखवावे लागतात. ते अजून मिळालेले नाहीत.

तसंच पाय फाकवून बसलेल्या, कमरेवरचा भाग नसलेल्या आकृतींचं. त्या पाहून लज्जागौरी आठवते. पण लज्जागौरीच्या ओळखीच्या मूर्ती इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपासूनच्या आहेत. नंतरच्या देवीचं नाव आधीच्या आकृतीला दिलं की आपण तिचा अर्थ ठरवून मोकळे होतो आणि शोध थांबतो. मातृदेवता, सुफलता, विधी हे शब्द अहवालांत फार लवकर येतात असं मला वाटतं. आकृती कुठे तोंड करून आहे, पाण्याच्या डबक्यापासून किती दूर आहे, तिच्याशेजारी कुठला प्राणी वारंवार येतो, हे कंटाळवाणं वाटणारं मोजमाप जास्त काही सांगून जाईल.

देवाचे गोठणे इथे तर होकायंत्राची सुईच भरकटते. कोरलेल्या मानवाकृतीच्या जागी ती उत्तर दिशा नीट दाखवत नाही, आणि त्यावरून दैवी शक्तीपासून परग्रहवासीयांपर्यंत सगळं सांगून झालं आहे. जांभ्यात लोह भरपूर असतं. उघड्या माळावर वीज कोसळली तर त्या ठिकाणच्या लोहखनिजांना जोरदार चुंबकत्व येतं, हे भूभौतिकी अभ्यासकांनी जगभर नोंदलं आहे. इथे तसंच घडलं का, हे चुंबकमापकाने सडाभर मोजणी करून तपासता येण्याजोगं आहे. वीज पडलेली जागा म्हणूनच ती निवडली गेली असेल का, हा प्रश्न त्यानंतर विचारता येईल.

भिंत घातली की झालं?

उक्षीच्या गावकऱ्यांनी आपल्या गावच्या कोरीव हत्तीभोवती जांभ्याचा गडगा घातला आणि वरून पाहण्यासाठी जागा केली. इतर गावांनी त्यातून उमेद घेतली. हे काम मोलाचं आहे. पण वयाबद्दल वर जे सांगितलं त्यावरून एक गोष्ट दिसते: पुढचा निर्णायक पुरावा आकृतीच्या आत नसून तिच्या आजूबाजूला असणार. शेजारच्या खळग्यात साठलेली माती, पन्नास पावलांवरचं पाण्याचं डबकं, सड्याच्या कडेची कपार, गवतात पडलेली गारगोटीची कपची. कोआच्या खोऱ्यात वाद मिटवला तो अशाच मातीने. आकृतीपुरता चौकोन राखला आणि कुंपणाबाहेर चिऱ्याची खाण चालू दिली, तर चित्र राहील आणि ते वाचण्याचं साधन जाईल.

धोके तसे रोजचेच आहेत. चिरेखाण, कलमं लावण्यासाठी फोडलेला कातळ, सड्यावरून काढलेला रस्ता, सपाटीकरणाचा बुलडोझर. यात कुणाचाही दुष्ट हेतू नसतो. जांभा हे इथलं बांधकामाचं साहित्य आहे आणि आंब्याची बाग हे पोटाचं साधन. बारसू परिसरात २०२३ साली तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती-परीक्षणावरून मोठं आंदोलन झालं, तेव्हा कातळशिल्पांचा मुद्दाही ऐरणीवर आला. प्रकल्प हवा की नको यावर मतं वेगळी असू शकतात. पण सडा फोडण्याआधी त्यावर काय आहे याची पद्धतशीर पाहणी व्हावी, यावर मतभेद असण्याचं मला तरी कारण दिसत नाही. हीच अट छोट्या चिरेखाणीच्या परवान्यालाही असावी, कारण सडा जास्त खाल्ला जातो तो छोट्या छोट्या तुकड्यांनी.

तुमच्या गावच्या सड्यावर अशी रेषा दिसली तर बूट काढून जवळ जा, चरात खडू, तेल, पाणी काही घालू नका आणि माती उकरू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. मापासाठी शेजारी पट्टी किंवा काठी ठेवा, उत्तर दिशा दाखवा आणि एक फोटो दूरवरून, आजूबाजूचा सडा दिसेल असा घ्या. मोबाइलवरून त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवा. गावातल्या जुन्या माणसांना त्या जागेचं नाव विचारा, कारण नाव सरकारी नकाशात सापडत नाही आणि सांगणारे दरवर्षी कमी होत चालले आहेत. मग ही सगळी माहिती राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरीतल्या कार्यालयाला, गोव्यात असाल तर तिथल्या पुरातत्त्व खात्याला कळवा. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई करू नका. राखणीची सोय होण्याआधी गर्दी पोहोचली, तर सगळ्यात आधी तुडवली जाते ती भोवतालची मातीच.